भारतीची सात पानं

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. पंधरा वर्षं स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या मैत्रिणीलाही नाही — तिला माझ्या पोटातलं सगळं ठाऊक आहे असं ती समजते, आणि मी समजू देते. तुम्हालाच का सांगते आहे? नीट सांगता येणार नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक असेल. दुसरं म्हणजे, आता पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन, सत्काराला लोक माझ्याबद्दल बोलतील — आणि काय बोलतील ते मला आत्ताच ठाऊक आहे.

मी इंग्रजीची शिक्षिका. बेळगावात वडगावच्या अंगाला एक मराठी माध्यमाचं हायस्कूल आहे, तिथं शिकवते. माहेर येळ्ळूरचं, शेतकऱ्याचं घर. सासर हिंडलग्याला. आमच्या घरात इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली मी पहिली, आणि त्याचा मला — आता लपवून काय करायचं — फार अभिमान होता. लोक मला चांगली शिक्षिका म्हणतात. विशेषतः एका पाठासाठी म्हणतात. नववीचा पाठ, ग्रीक शोकांतिकेचा. निपाणी, चिकोडी, खानापूर, कुठंही इंग्रजीच्या शिक्षकांचं ट्रेनिंग असलं की मला बोलावणं येतं, आणि तोच पाठ घ्यायला सांगतात. हजारो वर्षांपूर्वीचं परदेशी नाटक आपल्या मुलांना आपलं कसं वाटावं, ते या मॅडमकडून शिका, असं म्हणतात.

तो पाठ खरंच सुंदर आहे. मी त्याचं कितीही कौतुक करू शकते. मला त्यात जराही संकोच वाटत नाही. का वाटत नाही, तेच सांगायचं आहे.

चौदा वर्षं झाली असतील. त्या वर्षी नववीला जादा वाचनासाठी एक लहान पुस्तक होतं. त्यात एक ग्रीक नाटक चार पानांत आटवून दिलेलं. एक राजा हुकूम काढतो. त्याच्याच घरातली एक मुलगी तो मोडते. राजा मागं सरत नाही, मुलगी मागं सरत नाही, आणि शेवटी राजवाड्यात राजा एकटा उरतो. पाठाखाली प्रश्न — या नाटकातल्या ‘युनिव्हर्सल थीम्स’ कोणत्या? म्हणजे कुठल्याही काळात, कुठल्याही गावात खरं ठरणारं असं त्यात काय आहे?

माझ्याकडं उत्तर तयार होतं. कॉलेजात असताना गाईडमधून पाठ केलेलं. मी फळ्यावर लिहिलं — गर्व. राजाला गर्व झाला, गर्वामुळं त्याचा नाश झाला. पोरांनी उतरवून घेतलं. आमच्या वर्गात बहुतेक मुलं विणकरांच्या घरची, वडगाव-शहापूरची. सकाळी घरी कांड्या भरून, म्हणजे मागाला लागणारं सूत लहान नळ्यांवर गुंडाळून, मग शाळेला येणारी. त्यांना ग्रीसशी काय देणंघेणं? मलाही फारसं नव्हतं. पाच मुद्दे, पाच मार्क.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची भारती उभी राहिली.

भारती म्हणजे — काय सांगू? वर्गात शोधावी लागेल अशी मुलगी. बारीक अंगाची, केसांत कायम कुठंतरी सुताचा धागा अडकलेला. इंग्रजी वाचताना अडखळायची, मार्क काठावरचे. मी तिच्याकडं कधी नीट बघितलंच नव्हतं.

“टीचर, राजाला गर्व व्हता म्हनून लिवायचं?”

“हो.”

“पण त्याला गर्व न्हाय की. त्यो भ्यालाय.”

वर्ग हसला. मी विचारलं, कशाला भ्यालाय? ती म्हणाली, एकदा हुकूम मागं घेतला की उद्यापासनं आपलं कोण ऐकणार, ह्याला. मग जरा थांबून म्हणाली, “आमचं आप्पा बी तसंच हाईत, टीचर.” पुन्हा हसू उठलं. मला तास संपवायचा होता. मी म्हणाले, बस खाली, आणि एवढं वाटतंय तर लिहून आण. तिनं विचारलं, मराठीत लिवलं तर चालंल? मी म्हणाले, चालेल. ती हे लिहून आणेल असं मला वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिनं वही आणून दिली. सात पानं. निळ्या बॉलपेननं, खाडाखोड नाही.

शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये मी ती सहज उघडली. माझी हिंडलग्याची बस पाचाला असायची. ती गेली. त्यानंतरची पण गेली.

त्या पानांत तिचं घर होतं. तिचे वडील — ती त्यांना आप्पा म्हणायची — हातमागावर साडी विणायचे. मोठ्या भावाला, दादाला, मधल्या खोलीत दोन पॉवरलूम बसवायचे होते. सगळी गल्ली पॉवरलूमची झाली होती. आप्पांचं म्हणणं, साडीला माणसाचा हात लागला नाही तर ती साडी कुणाची म्हणायची? दादाचं म्हणणं, हात लागलेली साडी घेणारं कोण राहिलंय? आप्पा म्हणाले, माझ्या घरात मशीन येणार नाही. दादा म्हणाला, मग मी राहणार नाही. आणि तो इचलकरंजीला निघून गेला, दुसऱ्याच्या पॉवरलूमवर कामाला.

इथवर कुणीही लिहिलं असतं. पण नंतर तिनं लिहिलं होतं — मला ती वाक्यं अजून पाठ आहेत — ‘भांडणात एकजण चुकीचा असला की संध्याकाळपर्यंत मिटतं. दोघंही बरोबर असले की घर मोडतं. म्हणून नाटकातला राजा वाईट नाही आणि ती मुलगीही हट्टी नाही. दोघं बरोबर आहेत, एवढंच वाईट आहे.’

नाटकात गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा एक घोळका असतो. ते सगळं बघतात, त्यावर बोलतात, करत काही नाहीत. कोरस म्हणतात त्याला. मी तो पोरांना दोन ओळींत सांगून संपवला होता. भारतीनं त्यावर अख्खं पान लिहिलं होतं. आमच्या गल्लीतली माणसं कट्ट्यावर बसतात, ती आप्पाला म्हणतात तुझं खरं आहे, आणि दादा आला की त्यालाही म्हणतात तुझं खरं आहे. ती खोटं बोलत नाहीत. त्यांना सगळं कळतं. ‘पण त्यांना जेवायला आपापलं घर असतं.’

आणि एका पानावर ती स्वतः होती. आप्पांच्या मागासाठी ती कांड्या भरायची. एका दिवशी, दादा अजून घरात होता तेव्हा, दोघांची जुंपली, आणि हिनं मुद्दाम कांड्या भरल्या नाहीत. माग थांबला. माग थांबला तसे दोघंही गप्प झाले. ‘घर एवढं शांत कधीच नव्हतं. मला बरं वाटलं. मग मला भीती वाटली आणि मी परत कांड्या भरायला बसले.’

शेवटच्या पानावर तिनं विचारलं होतं, ती ग्रीक माणसं एवढी दुःखाची नाटकं बघायला का जात असतील? आणि उत्तरही दिलं होतं. मी वर्गात सांगितलं होतं की ते लोक डोंगराच्या उतारावर बसून नाटक बघायचे. तिनं लिहिलं — ‘घरातलं भांडण आपल्याला दिसत नाही कारण आपण आत असतो. त्यांना वरून दिसत होतं.’

चौदा वर्षांची पोर. जिला इंग्रजी परिच्छेद धड वाचता येत नव्हता. मी एम.ए.ला ही नाटकं वाचली होती. परीक्षेत त्यांच्यावर मार्क मिळवले होते. मला यातलं एकही का दिसलं नाही?

त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा जे वाटलं, ते निव्वळ कौतुक होतं. हे तरी माझ्या पदरात राहू द्या — नाही, राहू नका देऊ. कारण कौतुकाच्या खाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते मला तेव्हाच कळलं होतं. मला ती सात पानं नुसती आवडली नव्हती. मला ती हवी होती.

महिन्याभरानं हेडसरांनी बोलावलं. तालुक्यातल्या इंग्रजीच्या शिक्षकांची कार्यशाळा आहे, आपल्या शाळेतून एक नमुना पाठ द्यायचा आहे, तुम्ही द्या. मी बसून भारतीची पानं इंग्रजीत आणली. वाक्याला वाक्य. माझ्या कच्च्या मसुद्यात पहिली ओळ होती, ‘माझ्या एका विद्यार्थिनीनं लिहिलं आहे’. पक्का लिहिताना ती ओळ मी गाळली. विसरले नाही — गाळली. ती ठेवली असती तर लोकांनी विद्यार्थिनीचं कौतुक केलं असतं, आणि मी तिची वही उचलून आणणारी ठरले असते. तेवढं मला पुरेसं वाटलं नाही.

कार्यशाळेत मी म्हणाले, वर्गात मी मुलांना एका विणकराच्या घराचं उदाहरण देते. आणि मग आप्पा, दादा, कट्टा, डोंगराचा उतार, सगळं. शेवटी परीक्षेला उपयोगी पडावं म्हणून मी माझी एक ओळ जोडली — थोडक्यात, विणकराचा गर्व त्याच्या घराला नडला. संपल्यावर टाळ्या थांबेनात. आलेल्या अधिकाऱ्यांनी माझे कागद हातात उंच धरले आणि म्हणाले, शिकवणं म्हणजे हे. हे आपल्या शिक्षकांच्या हँडबुकात छापायचं. मला व्यासपीठावर बोलावून शाल दिली. मी ती घेतली.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले तर तिसऱ्या बाकावरून ती माझ्याकडं बघत होती. नेहमीसारखीच. तिला काही माहीत नव्हतं. मला मात्र तिच्याकडं बघवेना. आणि मी काय केलं असेल? तिला उभं करायचं बंद केलं. ती हात वर करायची, मी दुसऱ्या कुणाचं तरी नाव घ्यायची. काही आठवडे तिचा हात वर येत राहिला. मग येईनासा झाला. हे मी रोज बघत होते, बरं का. मला दिसत नव्हतं असं नाही.

दिवाळी जवळ आली तेव्हा ती स्टाफरूमच्या दाराशी आली.

“टीचर, वही पायजे हुती. दिवाळीला दादा येनार हाय. दोघं असताना वाचून दाखवीन म्हनते.”

बघते हं, मी म्हणाले. आणखी दोनदा आली. बघते. शोधते. चौथ्यांदा मी सांगितलं, वही सापडत नाही गं, बाकीच्या वह्यांत कुठंतरी गेली असणार. परत लिही की. तुलाच तर सुचलंय ते.

“परत तसं येत न्हाय, टीचर,” ती म्हणाली.

मी वही का दिली नाही? हँडबुक छपाईला गेलं होतं. ती पानं कुणाच्याही हातात पडली असती, हेडसरांच्या, दुसऱ्या एखाद्या शिक्षकाच्या, तर दोन्ही शेजारी ठेवून बघायला किती वेळ लागला असता? त्या भीतीपुढं एका पोरीच्या घरातली दिवाळी मला लहान वाटली. झालं ते एवढंच.

आणि मग सुट्टीच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, शिपाई सांगत आला की एक पालक भेटायला आलेत. बाहेर व्हरांड्यात एक उंच, वाकलेला माणूस उभा होता. पांढरा सदरा, टोपी. सदऱ्यावर सुताची बारीक लव होती, आणि ती आत सांडू नये म्हणून की काय, तो दाराबाहेरच थांबला होता. हात जोडून म्हणाला, मी भारतीचा वडील.

मला तो माणूस माहीत होता. मला त्याच्याबद्दल असं कितीतरी माहीत होतं, जे त्याला स्वतःला कुणी सांगितलं नव्हतं.

“पोरगी म्हनतीया, माझ्यावर काय तर लिवलीया. वही हरवली म्हनून लई हिरमुसलीया. म्हटलं आपन जाऊन विचारावं. मराठी वाचाय येतंय मला. चष्मा घिऊनच आलोय.”

आणि खिशातून त्यांनी खरंच चष्मा काढून दाखवला. माग थांबवून आला होता हा माणूस, कामाच्या दिवशी. वही माझ्या मागच्या कपाटात होती. चार पावलं. फक्त वळायचं होतं.

मी म्हणाले, खूप शोधली. नाही सापडली.

“असूं दे, असूं दे,” तेच घाईनं म्हणाले, जणू चूक त्यांचीच होती. “तुमच्याकडं रगड वह्या येत असतील. कुठं कुठं ध्यान द्याचं मानसानं.” मग चष्मा परत ठेवता ठेवता थांबले. “चांगलं लिवली हुती व्हय?”

या प्रश्नाचं उत्तर बेळगाव तालुक्यात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी म्हणाले, “बरं होतं. चुका होत्या.”

त्यांनी मान हलवली. “हां. घरात कामं असत्यात. अभ्यासाला वेळ गावत न्हाय तिला.” पुन्हा हात जोडले आणि निघाले. गेटपाशी त्यांनी चपला घातल्या. शाळेत यायचं म्हणून त्या तिथंच काढून ठेवल्या होत्या, हे मला तेव्हा दिसलं.

त्या पानांत लिहिलं होतं की हा माणूस बरोबर आहे. त्याच्या पोटच्या पोरीनं लिहिलं होतं. आणि मी त्याला सांगितलं, चुका होत्या.

पुढं भारती एसएसएलसी, म्हणजे दहावी झाली, दाखला घेऊन गेली. दोन वर्षांनी तिचे वडील वारल्याचं शाळेत कळलं, शाळेतल्या कुणीतरी सहज बोलता बोलता सांगितलं. तोवर हँडबुक निघालं होतं. मला ट्रेनिंगला बोलावणी येऊ लागली होती. जिल्ह्याच्या आदर्श शिक्षकांत माझं नाव आलं होतं. मी येळ्ळूरला गेले की माझे थोरले चुलते लोकांना बोलावून माझी ओळख करून द्यायचे. ते आता नाहीत. पण त्यांच्या तोंडचं ते कौतुक मी कितीदा ऐकलं असेल, आणि एकदाही ते मला जड गेलं नाही — हेही सांगायला हवं. माणसाला सवय होते. मला झाली.

तीन वर्षांपूर्वी निपाणीला ट्रेनिंग होतं. दुपारी एक तरुण शिक्षिका जवळ आली आणि म्हणाली, मॅडम, आमची वहिनी तुमचीच विद्यार्थिनी. तुम्ही आलाय म्हटल्यावर तिनं हट्टच धरलाय, चहाला घेऊन ये म्हणून. मी नाव विचारलं. तिनं सांगितलं. मला नाही म्हणता आलं असतं. बसची वेळ झाली म्हणाले असते तर चाललं असतं. का गेले ते मला आजही उलगडत नाही. तिला बघायचं होतं, एवढं खरं.

भारती आता अंगणवाडीत शिकवते. लहान मुलं तिलाही टीचर म्हणतात. अंगानं भरली आहे, आवाज खणखणीत झाला आहे. घरात शिरता शिरता बघते तर ओट्यावर शेजारच्या घरातले बाप-लेक बसलेले, रस्त्यालगतच्या जागेवरून भांडण, आणि ही दोघांच्या मधे. नणंद हसत म्हणाली, गल्लीतल्या कुणाचंही बिनसलं की वहिनीकडं येतात. मी आत बसून ऐकत होते. भारती कुणालाच चूक म्हणत नव्हती. बापाला लेकाचं म्हणणं सांगत होती, लेकाला बापाचं, आणि असं सांगत होती की ज्याचं त्याला ते स्वतःच्या तोंडचं वाटावं. दोघं उठले तेव्हा भांडण मिटलं नव्हतं, पण दोघं एकत्र चालत गेले. मला आयुष्यात कुठल्याही शिक्षकाबद्दल वाटला नसेल इतका आदर त्या क्षणी तिच्याबद्दल वाटला. मी ज्याच्यावर भाषणं देत फिरत होते, ते ती करत होती.

ती आत आली, पाया पडली. चहा ठेवला. आणि म्हणाली, “टीचर, नणंदंच्या पुस्तकात तुमी लिवलेलं वाचलं मी.”

मी कप उचलला.

“आप्पा हाईत त्यात. नाव न्हाय, पण आप्पाच हाईत. लई रडले मी. आमच्या आप्पांचं छापून आलंय म्हटल्यावर — ” मग तिनंच विचारलं, अगदी सरळ, “वही गावली व्हय मग?”

आता तरी? तुम्हाला वाटेल, आता तरी. मलाही वाटलं होतं. त्या खोलीत आम्ही दोघीच होतो. नणंद आत पोहे करत होती. एक शब्द पुरला असता.

“नाही गं,” मी म्हणाले. “जेवढं लक्षात होतं त्यावरून लिहिलं.”

“तुमच्या बरं ध्येनात ऱ्हायलं,” ती म्हणाली. “माझ्या न्हाय ऱ्हायलं.”

मी तिच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. नव्हता. तिनं विश्वास ठेवला होता. का ठेवणार नाही? मी तिची टीचर.

मग तिनं त्या दिवाळीचं सांगितलं. दादा आला होता. ती दोघांना समोर बसवून आठवेल तसं तोंडानं सांगायला लागली, पण दोन वाक्यांत तिला रडूच कोसळलं. लिहिलेलं वाचता येतं, म्हणाली, तोंडानं नाही सांगता येत. तिच्या रडण्यावरून दोघांत सुरू झालं, तूच तिला रडवलंस, नाही तूच. फराळाची ताटं तशीच राहिली आणि दादा संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. आप्पा असेपर्यंत पुन्हा आला नाही. शेवटच्या दिवसांत आप्पा खाटेवरून विचारायचे, तू काय लिवलीवतीस गं? ती म्हणायची, तुमचं बरोबर हाय असं लिवलंवतं. ते म्हणायचे, आनि त्याचं? ती म्हणायची, त्याचं बी. त्यावर आप्पा हसायचे. चुका व्हत्या म्हनत व्हत्या टीचर, म्हणायचे.

वही मिळाली असती तर फरक पडला असता का? कोण सांगणार? कदाचित तरीही भांडले असते. पण त्यांना ते ऐकायला मिळालं असतं. एकदा, पूर्ण, दोघांना समोरासमोर. ते मी मिळू दिलं नाही.

निघताना ती दारापर्यंत आली. म्हणाली, रागावू नका टीचर, पण पुस्तकात एक चुकलंय. शेवटची ओळ. आप्पांना गर्व नव्हता. मी तसं लिवलं नव्हतं. दादा गेला तसा आपलं घर आपल्या हातनं सुटतंय म्हनून भ्यालंवतं ते. आणि भ्यालेलं मानूस घट्ट धरतंय, ते बघनाऱ्याला गर्वागत दिसतंय.

त्या छापलेल्या पाठात तिच्याशिवाय दुसऱ्याची, म्हणजे माझी, एकच ओळ होती, आणि तीच तिला खुपली होती. मी म्हणाले, बरोबर आहे तुझं. पुढच्या वेळी सुधारते.

आणि मी शब्द पाळला.

गेल्या हिवाळ्यात खानापूरला ट्रेनिंग होतं. मी गेले. तोच पाठ घेतला. आप्पा, दादा, कट्टा, डोंगराचा उतार. शेवटाला आल्यावर मी थांबले आणि म्हणाले, हँडबुकात इथं गर्व असा शब्द आहे, तो खोडा. त्या विणकराला गर्व नव्हता. तो भ्यालेला होता. भ्यालेला माणूस घट्ट धरून बसतो, आणि बघणाऱ्याला तो गर्व वाटतो. हॉलमध्ये सगळ्यांची पेनं एकदम चालू झाली. पहिल्या रांगेतली एक शिक्षिका उठली. नवीन लागलेली असावी, फार मनापासून ऐकत होती. म्हणाली, मॅडम, हे वाक्य माझ्या मुलांना सांगायचं आहे. हे कुणाचं आहे? खाली नाव घालते.

मी म्हणाले, माझंच आहे.

तिनं माझं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं, आणि तिचं लिहून होईपर्यंत थांबले.